हौसेची मोटार आणि तिचा विमा

मोटारीचा विमा हा विषय बहुतेक घरांत वर्षांतून एकदांच निघतो, आणि तोही जुन्या विमापत्राची मुदत संपत आल्याची सूचना आली म्हणजे. हप्ता भरला, विमापत्र आलें, तें कोठेंतरी साठवून ठेवलें, कीं पुढच्या वर्षापर्यंत तें कोणी उघडून पाहत नाहीं. मोटार कारखान्यांतून आली तशीच असेल, आणि ती चालविणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले व बेताच्या वेगाचे असतील, तर ही बेफिकिरी बहुधा खपून जाते. परंतु घरांतील मुलाच्या हातीं नवा परवाना आला, पहिल्या दोन-चार पगारांतून मोटारीला रुंद चाकें, निराळे दिवे, गुरगुरणारा सायलेन्सर आणि मागची डिकी व्यापून टाकणारे ध्वनिवर्धक बसविण्याची हौस सुरू झाली, म्हणजे त्या न उघडलेल्या विमापत्रांतील ओळ न् ओळ महत्त्वाची ठरते. (मुलगा म्हणतों तें बोलण्याच्या सोयीसाठीं, मुलींनाही ही हौस असते, आणि नियम दोघांना एकच.) हौसेला मोल नाहीं अशी आपल्याकडे म्हण आहे. विमा कंपनीच्या वहींत मात्र प्रत्येक हौसेला मोल असतें, आणि तें आपण आधीं ठरवून घेतलें नाहीं तर पुढें दुसरा कोणीतरी ठरवितो.

एका विमापत्रांत वस्तुतः दोन करार असतात. पहिला तिर्‍हाइताचा. आपल्या मोटारीमुळें रस्त्यावरील दुसर्‍या कोणाचा जीव गेला, कोणी जायबंदी झालें किंवा कोणाच्या मालमत्तेची खराबी झाली, तर द्यावी लागणारी भरपाई कंपनी देते. हा विमा सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यांतील त्यासंबंधीचें प्रकरण जुलै १९४६ पासून अमलांत आलें, आणि आज १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमानें तीच सक्ती चालू आहे. दुसरा करार आपल्या स्वतःच्या मोटारीचा: धडक, आग, चोरी, पूर यांनीं तिचें जें नुकसान होईल त्याचा. हा ज्याच्या त्याच्या खुषीचा.

तिर्‍हाइताच्या विम्याचा दर सरकार ठरवितें, आणि तो इंजिनाच्या आकारावर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या कोष्टकांत खासगी मोटारीला हजार सी. सी. पर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशेंपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये असे आंकडे आहेत. चालविणाराचें वय या कोष्टकांत कोठेंच नाहीं. स्वतःच्या मोटारीच्या विम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोडलेले आहेत; तेथेंही मुख्य हिशेब होतो तो मोटारीची किंमत, इंजिन, तिचें वय आणि ती कोणत्या शहरांत नोंदलेली आहे यांचा. मुंबई व पुणें हीं दोन्ही शहरें महागड्या विभागांत आहेत. एकंदरींत बावीस वर्षांचा मुलगा आणि बावन्न वर्षांचा बाप यांना जवळ जवळ सारखाच हप्ता पडतो.

शिक्षणासाठीं इंग्लंडांत गेलेल्या आपल्या मुलांना याच्या उलट अनुभव येतो. तेथें मोटारीचा विमा १९३० च्या कायद्यापासून सक्तीचा आहे, परंतु दर सर्वस्वी कंपन्यांच्या हातीं आहेत, आणि त्या चालकाचें वय, परवाना किती जुना, घराचा पत्ता, मोटारीची जात, सारें कांहीं विचारतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या चालकाचा वर्षाचा हप्ता कधीं कधीं त्याच्या जुन्या मोटारीच्या किमतीच्या घरांत जातो. पूर्वीं मुलींना तो कमी पडत असे. युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानंतर २१ डिसेंबर २०१२ पासून तो भेदही गेला. हप्ता उतरावा म्हणून पुष्कळ तरुण मोटारींत एक काळी पेटी बसवून घेतात. वेग, ब्रेक आणि रात्रीचा प्रवास यांची खबर ती कंपनीला देत राहते. बापाला मुख्य चालक दाखवून प्रत्यक्षांत मोटार मुलानेंच चालवावी, ही युक्ति तेथें फसवणूक समजतात. फेरफारांविषयीं तर अर्जांतच प्रश्न असतो.

आपल्याकडे इतकें खोदून विचारीत नाहींत, म्हणून आपण सुटलों असें मात्र समजूं नये. तेथें तारुण्याची आणि हौसेची किंमत हप्त्यांत आधींच वसूल होते. येथें ती अपघातानंतर वसूल होते, आणि बहुधा बापाकडून होते. हें कसें घडतें तें जरा तपशिलानें सांगतों.

आधीं कायदा पाहूं. १९८८ च्या कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील आणि निर्मात्यानें मुळांत ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकानें करूं नये. केरळमधील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीं १ सप्टेंबरपासून १८२-अ हें कलम अमलांत आलें. त्यांत बेकायदा फेरफाराबद्दल प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा मालकास सांगितली आहे. ‘मालकास’ हा शब्द लक्षांत ठेवावा. मोटार कोण चालवीत होता, हौस कोणाची होती, याची तेथें विचारपूस नाहीं.

याचा अर्थ मोटारीला कांहींच करतां येत नाहीं असा नव्हे. छप्पर कापणें, सांगाडा बदलणें यांसारख्या गोष्टी सरळ निषिद्ध. पुढें लोखंडी दांड्यांचें कुंपण, ज्याला बुल बार म्हणतात, तें बसविण्याविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना कळविलें आहे. कांचा गडद करण्याची फार आवड असते. पण पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे असा नियम आहे. सी. एन. जी. वर चालण्याची सोय मात्र मान्यताप्राप्त संचानें करून घेतां येते, बंद पडलेलें इंजिन बदलतां येतें, रंगही बदलतां येतो. फक्त त्याची परवानगी व नोंद परिवहन कार्यालयांत, म्हणजे लोकांच्या भाषेंत आर. टी. ओ. मध्यें, रीतसर झाली पाहिजे. राहिलीं सीटकव्हरें, ध्वनिवर्धक, निर्मात्यानें मान्य केलेल्या मापांतील अलॉय चाकें: यांना आर. टी. ओ. कडे जाण्याचें कारण पडत नाहीं. विमा कंपनीला मात्र यांतील किंमतवान वस्तु सांगाव्या लागतात. आर. टी. ओ. ला सांगितलें म्हणजे कंपनीला कळलें, किंवा कंपनीला सांगितलें म्हणजे आर. टी. ओ. ची परवानगी मिळाली, अशी एक गैरसमजूत सर्वत्र आढळते. हीं दोन दारें निरनिराळीं आहेत.

फेरफाराचें नांव काढतांच विमा कंपनीच्या कपाळाला आठी कां पडते, हें गॅरेजांत उभें राहून पाहिलें म्हणजे समजतें. मापाबाहेरचें रुंद टायर वळणावर मडगार्डच्या आंतल्या बाजूला घासूं लागतें. मोटार ठेंगणी दिसावी म्हणून स्प्रिंगा कापल्या, कीं खड्ड्यांत तिचें पोट आपटतें आणि भरधाव असतां ती चटकन् सावरत नाहीं. इंजिनाचा कारभार पाहणारा एक लहानसा संगणक आजच्या मोटारींत असतो. त्यांतील आज्ञा बदलून इंजिनाची शक्ति वाढवितां येते, यालाच रीमॅप म्हणतात. शक्ति वाढते, ब्रेक मात्र जुन्याच शक्तीच्या हिशेबाचे राहतात. सर्वांत धोक्याचें, आणि सर्वांत क्षुल्लक समजलें जाणारें काम म्हणजे वायरिंग. जादा दिवे किंवा मोठा ॲम्प्लिफायर लावण्यासाठीं मूळ तार सोलून तिला दुसरी गुंडाळतात, वर चिकटपट्टी मारतात, फ्यूज उडूं लागला तर मोठा फ्यूज घालतात. त्या तारेला तेवढा भार सोसण्याची संवय नसते. ती तापते, आवरण वितळतें, आणि एके दुपारीं उभ्या मोटारीच्या बॉनेटमधून धूर येतो. असा जोड कंपनीच्या सर्व्हेअरला ओळखतां येतो. अनेकदां सारी मोटार जळते, पण आग जेथून लागली ती जागा सांपडते.

आतां किमतीचा हिशेब. मोटार चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी जी रक्कम देते तिला विमापत्रांत आय. डी. व्ही. म्हणतात. निर्मात्याच्या किमतींतून मोटारीच्या वयाप्रमाणें घट वजा करून ती काढतात: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष होईतों १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५० टक्के. आठ लाखांची मोटार तिसर्‍या वर्षीं पांच लाख साठ हजारांची धरली जाते. समजा, मुलानें तींत साठ हजारांचे ध्वनिवर्धक आणि ऐशीं हजारांचीं चाकें घातलीं. मोटार चोरीला गेली तर हाता पडतात ते पांच लाख साठ हजारच. वरचे एक लाख चाळीस हजार, ते विमापत्रांत नोंदलेले नसतील तर, गेले. ही नोंद फार महागही नाहीं. विजेवर चालणार्‍या जादा वस्तूंना जुन्या अखिल भारतीय दरपुस्तकांत किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता सांगितला होता, आणि पुष्कळ कंपन्यांच्या हिशेबांत तो आंकडा अजून दिसतो. साठ हजारांवर तो वर्षाचे २,४०० रुपये, म्हणजे दरमहा दोनशें. चाकांसारख्या विजेशीं संबंध नसलेल्या वस्तु मोटारीच्या किमतींत मिळवून नेहमींच्या दरानें धरतात. इतक्या पैशांत तरुण मंडळींचा एक चहाफराळही होत नाहीं.

रीमॅपचें काय, असें कोणी विचारील. त्यासाठीं प्रस्तावपत्रांत बहुधा रकाना नसतो. लेखी विचारावें, कंपनी नको म्हणाली तर तें काम करूं नये, आणि केलेलें असेल तर पूर्ववत् करून घ्यावें. यांतून मधली वाट काढून देणारे चतुर लोक भेटतात, पण त्यांच्या सल्ल्याची जोखीम ते स्वतः घेत नाहींत. ‘कांहीं लिहूं नका, कोण पाहतो,’ असें सांगणारा मध्यस्थ क्लेमच्या दिवशीं फोन उचलील याचीही शाश्वति नाहीं.

येथपर्यंत झालें तें आपल्या मोटारीचें, म्हणजे फार तर कांहीं लाखांचें. खरी चिंता तिर्‍हाइताच्या भरपाईची आहे. विमा हा परम विश्वासाचा करार होय. जोखमीवर परिणाम करणारी गोष्ट लपविली तर कंपनीला तो करार नाकारण्याचा आधार मिळतो, आणि कायद्यानें कंपनीला दिलेल्या मोजक्या बचावांत महत्त्वाची गोष्ट लपविणें हाही एक आहे. शर्यत व वेगाची चांचणी यांसाठीं मोटार वापरणें हा दुसरा. मध्यरात्रीं मोकळ्या रस्त्यावर दोन मोटारी लावून पाहणें याला मुलें गंमत म्हणतात. विमापत्रांत त्याला शर्यतच म्हटलें जाईल. अर्थात् कंपनीला नुसता आरोप करून भागत नाहीं. २००४ मध्यें स्वर्णसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें परवान्याच्या अटींसंबंधीं निकाल देतांना असें स्पष्ट केलें कीं, अटीचा भंग कंपनीनें सिद्ध केला पाहिजे आणि तो अपघाताला कारण होण्याइतका मूलभूत असला पाहिजे. न सांगितलेल्या ध्वनिवर्धकामुळें कोणाचा जीव गेला असें म्हणतां येणार नाहीं. कापलेल्या स्प्रिंगांबद्दल तसें ठामपणें म्हणणें कठीण. अशा वेळीं मेलेल्याच्या कुटुंबाला वार्‍यावर सोडूं नये म्हणून न्यायालयें पुष्कळदां कंपनीला आधीं भरपाई देण्यास सांगतात, आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. तिर्‍हाईत सुटतो, मालक सांपडतो.

ही रक्कम केवढी असते? दुसर्‍याच्या मालमत्तेसाठीं खासगी मोटारीच्या विम्याला साडेसात लाखांची मर्यादा आहे. मृत्यु व इजा यांना मर्यादा नाहीं. समजा, अपघातांत गेलेला तरुण अठ्ठावीस वर्षांचा, कायम नोकरींतला, दरमहा पन्नास हजार मिळविणारा. मागें पत्नी, मूल आणि आई. वर्षाचें उत्पन्न सहा लाख. पुढें पगार वाढला असता म्हणून २०१७ च्या निर्णयाप्रमाणें त्यांत निम्मे मिळवावयाचे, झाले नऊ लाख. त्यांतून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून तिसरा हिस्सा वजा जाऊन उरले सहा लाख. या वयाला २००९ च्या निर्णयांतील कोष्टकाप्रमाणें गुणक सतरा. म्हणजे एक कोटी दोन लाख, आयकर व इतर किरकोळ बाबी सोडून. एखाद्या मध्यम स्थितीच्या गृहस्थाची निवृत्तीची पुंजी आणि राहतें घर मिळून जें होतें, त्याच्या आसपासचा हा आंकडा आहे.

आणि मालक कोण? आपल्याकडे मोटार बहुधा वडिलांच्या नांवें असते. विमा त्यांच्या नांवें, चालवितो मुलगा. इंग्लंडांतल्याप्रमाणें याला येथें फसवणूक म्हणत नाहींत. मालकाच्या संमतीनें व वैध परवान्यानें कोणीही मोटार चालविली तरी विमा लागू राहतो. वडिलांच्या नांवें ठेवण्यांत एक लाभही दिसतो: क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी सूट, पहिल्या वर्षानंतर २० टक्के व पांच वर्षांनंतर ५० टक्के. ही सूट माणसाची असते, मोटारीची नव्हे. म्हणून वडिलांची सूट त्यांच्या हयातींत मुलाला देतां येत नाहीं, आणि मुलानें स्वतःच्या नांवें मोटार घेतली तर शून्यापासून सुरुवात होते. मात्र मुलानें केलेल्या एका ओरखड्याच्या क्लेमनें वडिलांची वर्षांची सूट एका फटक्यांत जाते, हेंही हिशेबांत धरावें.

याहून गंभीर गोष्ट फारच थोड्या घरांत ठाऊक असते. विमापत्रांत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकाचा, आणि मालकाकडे स्वतःचा परवाना असेल तरच. वडिलांची मोटार चालवीत असतां मुलाच्याच चुकीनें अपघात होऊन मुलगा दगावला, तर त्याला हे पंधरा लाख लागू होत नाहींत. तो तिर्‍हाईतही ठरत नाहीं. २००९ च्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, मालकाकडून वाहन मागून घेऊन चालविणारा हा त्या प्रसंगापुरता मालकाच्याच जागीं उभा असतो, आणि स्वतःच्याच विम्याकडे तिर्‍हाईत म्हणून भरपाई मागतां येत नाहीं. ज्या घरांतील मिळवता मुलगा वडिलांची मोटार रोज कामावर नेतो, त्या घरानें त्याच्यासाठीं स्वतंत्र अपघात विमा घ्यावा, किंवा याच विमापत्रांत मोटारींतील इतरांसाठीं जें जादा संरक्षण मिळतें त्यांत चालविणारा मुलगा बसतो कीं नाहीं हें लेखी विचारून घ्यावें. मुलगा अठरा वर्षांच्या आंतील असेल तर प्रश्न विम्याचा राहतच नाहीं. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगर येथें दोन तरुणांचे बळी गेले, तेव्हां १९९-अ हें कलम सर्वांच्या तोंडीं झालें: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार दंड, मोटारीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत. गॅरेजांत मोटार नेण्यापूर्वींच कंपनीला पत्र किंवा ई-मेल पाठवावें. कोणती वस्तु, किती किमतीची, कोण बसविणार, एवढें पुरे. कंपनीनें मान्य केलें कीं जादा हप्ता भरून विमापत्रावर पुरवणी नोंद मागावी, आणि ती हातीं येईपर्यंत तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. बिलें जपावीं, बसविलेल्या वस्तूंचे फोटो तारखेसह ठेवावे. नूतनीकरणाच्या वेळीं ही नोंद पुढें आली आहे ना तें पाहावें, कारण कंपनी बदलतांना ती हमखास गळते. जुनी मोटार घेणारानें तर अधिकच जपलें पाहिजे. आधींच्या मालकानें काय काय बदललें होतें हें नोंदणीपत्र आणि मोटार शेजारीं शेजारीं ठेवून ताडावें, आणि खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवें करण्याचा अर्ज करावा. तिर्‍हाइताचा विमा मोटारीबरोबर येतो, स्वतःच्या नुकसानीचा आपोआप येत नाहीं.

सर्व नीट करूनही कंपनीनें क्लेम नाकारला, असें घडतें. नकार नेहमीं लेखी व कारणांसह मागावा. प्रथम कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहावें. महिनाभरांत उत्तर आलें नाहीं किंवा आलेलें पटलें नाहीं, तर एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. महाराष्ट्रांतही त्यांचीं कार्यालयें आहेत. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, फी नाहीं, वकील लागत नाहीं. तेथें अर्जाबरोबर जोडावयाचे कागद म्हणजे विमापत्र, कंपनीचा नकार, आपली तक्रार, आणि फेरफार कळविल्याचें तें जुनें पत्र.